ग्रंथालयात ‘ॲजाइल’ : पंधरा-पंधरा दिवसांचे काम

मागच्या पावसाळ्यात आपल्या मंडळाचे ग्रंथालय जवळजवळ दोन महिने नुसते उघडत होते आणि बंद होत होते. देवघेव नावापुरती. कित्येक वर्षे ग्रंथालय सांभाळणारे आपले काका गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे घरी होते, आणि कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे फक्त त्यांनाच माहीत होते. दाखल नोंदवही आहे, पण ती दाखल अंकाच्या क्रमाने. पुस्तक कधी आणि कितीला घेतले ते तिच्यात सापडते, ते आज कुठे ठेवले आहे ते सापडत नाही. सभासद यायचे, “काका कधी येणार?” असे विचारायचे, एखादे मासिक चाळायचे आणि निघून जायचे.

त्यानंतरच्या कार्यकारिणीच्या बैठकीत एक सूचना आली की आता वाचणारे उरले किती, पुस्तके एखाद्या संस्थेला देऊन टाकावी आणि ती खोली कार्यक्रमांसाठी मोकळी करावी. सूचना वाईट हेतूने केलेली नव्हती. खोलीची अडचण खरी आहे. पण वडोदऱ्यात मराठी पुस्तकांचे घर मोडायचे ही कल्पना काही जणांच्या गळ्याखाली उतरेना. मी त्यांतलाच एक. मी बैठकीत तीन महिने मागून घेतले आणि विषय तहकूब झाला. त्या तीन महिन्यांत आम्ही जे केले त्याला संगणक क्षेत्रात ‘ॲजाइल’ म्हणतात. ती पद्धत काय आहे, ग्रंथालयाला ती कशी लागू पडते आणि कुठे पडत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

हा शब्द मी प्रथम ऐकला तो पुण्याला मुलाकडे असताना. तो घरून काम करायचा आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी त्याचा एक छोटा फोन चालायचा. काल काय केले, आज काय करणार, कुठे अडले आहे. प्रत्येकाने एवढेच बोलायचे. पंधरा मिनिटांत फोन बंद. मी आयुष्य बँकेत काढले. तिथे बैठक म्हटले की तासाच्या आत उठणे हे अपमानास्पद समजले जायचे. म्हणून कुतूहलाने विचारले, आणि मग वाचतही गेलो.

पूर्वी संगणकाची कामे घर बांधल्यासारखी होत. आधी सगळ्या गरजा लिहून घ्यायच्या, मग आराखडा, मग बांधकाम, मग तपासणी, आणि शेवटी एके दिवशी गिऱ्हाइकाच्या हाती किल्ली. यात वर्ष-दोन वर्षे सहज जात. तेवढ्यात गिऱ्हाइकाची गरजच बदललेली असे, किंवा पहिल्याच दिवशी कळे की त्याला हवे होते ते हे नव्हेच. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड या ठिकाणी अशा कामाला कंटाळलेले सतरा जण जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. त्याचा सारांश असा. पद्धती आणि साधने यांपेक्षा माणसे आणि त्यांचे आपसातले बोलणे महत्त्वाचे. जाडजूड कागदपत्रांपेक्षा प्रत्यक्ष चालणारी वस्तू महत्त्वाची. कराराच्या घासाघिशीपेक्षा गिऱ्हाइकाला सोबत घेणे महत्त्वाचे. ठरलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला तोंड देता येणे महत्त्वाचे. शेवटी त्यांनी हेही नमूद केले की दुसऱ्या बाजूच्या गोष्टीही मोलाच्या आहेत, आम्ही पहिल्या बाजूला अधिक मोल देतो इतकेच. हे शेवटचे वाक्य पुष्कळ लोक विसरतात. त्याकडे मी पुढे येणार आहे.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा की मोठे काम छोट्या तुकड्यांत तोडायचे. प्रत्येक तुकडा असा हवा की तेवढाच पूर्ण झाला तरी वापरणाऱ्याला काहीतरी उपयोग होईल. ठरावीक मुदतीत, बहुधा दोन आठवड्यांत, तो पुरा करायचा, वापरणाऱ्याला दाखवायचा, त्याचे ऐकायचे आणि मग पुढचा तुकडा ठरवायचा. या मुदतीला ते ‘स्प्रिंट’ म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी ‘पंधरवडा’ हा चांगला शब्द आधीपासून आहे, म्हणून आम्ही तोच वापरला. सत्तरीतल्या स्वयंसेवकांना ‘धावा’ म्हणणे बरेही दिसले नसते.

ग्रंथालयाशी याचा काय संबंध, असे कोणी विचारले तर मी डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचे नाव घेईन. गणिताचे हे प्राध्यापक 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपाने आले. पुस्तके वापरण्यासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी सजीव संस्था आहे, असे ते पाच नियम. स्नोबर्डच्या मंडळींनी सत्तर वर्षांनी जे लिहिले त्यातले बरेचसे यात आहे. वाचक आधी, कपाट नंतर. आणि सजीव वस्तूची वाढ एकदा आखून संपत नाही.

आता आपल्या संगणकीकरणाची हकीकत. काही वर्षांपूर्वी मोठ्या उत्साहाने ठरले की सर्व पुस्तकांची संपूर्ण यादी संगणकावर करायची. त्यासाठी तक्ता तयार झाला. शीर्षक, लेखक, अनुवादक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष, पाने, किंमत, आकार, विषय, देणगीदार, शेरा असे वीसेक रकाने होते. सर्व नोंदी पूर्ण झाल्यावरच नवी पद्धत सुरू करायची असे ठरले. पहिले कपाट झाले, दुसरे अर्धे झाले, आणि ज्या उत्साही तरुणाने काम अंगावर घेतले होते त्याला परगावी नोकरी लागली. त्याची चूक काहीच नाही. फाइल राहिली, पण तिचा वाचकांना शून्य उपयोग, कारण दीड कपाटाची यादी विचारायला कोण येणार?

बँकेत असताना संगणक आले तेव्हाचे मला आठवत होते. खतावण्यांची जागा लेजर पोस्टिंग यंत्रांनी घेतली तेव्हा सगळी शाखा एका दिवसात पलटली नाही. एकेक खतावणी घेतली. काही काळ हाताने लिहिलेली खतावणी आणि यंत्र दोन्ही समांतर चालवली, रोज संध्याकाळी दोन्हींचा ताळा पाहिला, आणि ताळा जुळू लागल्यावरच जुनी खतावणी बंद केली. दुप्पट कामाबद्दल तेव्हा आम्ही खूप कुरकुर केली होती. पण खातेदार एक दिवसही परत गेला नाही. तेव्हा या पद्धतीला काही नाव आहे हे माहीत नव्हते.

म्हणून पहिल्या पंधरवड्यात आम्ही प्रश्न उलटा केला. सगळी पुस्तके संगणकावर कधी येतील हे बाजूला ठेवले. वाचक रोज जी पुस्तके हाताळतात ती सापडतील अशी व्यवस्था उद्यापासून कशी होईल, एवढेच पाहिले. वीस रकान्यांपैकी पाच ठेवले : दाखल अंक, शीर्षक, लेखक, कपाट-फळी, आणि बाहेर आहे की आत. कपाटे एका टोकापासून घेण्याऐवजी टेबलावर जे पुस्तक येईल त्याची नोंद करायची. कोणी परत केले, नोंद. कोणी मागितले, शोधून दिले, नोंद. कपाटात जाण्यापूर्वी प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी. ग्रंथपालांमध्ये ही युक्ती जुनी आहे. मोठमोठ्या ग्रंथालयांनीही संगणकावर येताना ती वापरली आहे. तिच्यामागचे कारण सोपे आहे. कोणत्याही ग्रंथालयात थोडी पुस्तके वारंवार फिरतात आणि बाकीची क्वचितच जागची हलतात. देवघेवीतून नोंद केली की फिरणारी पुस्तके आपोआप आधी येतात. महिन्याभरात आमची यादी एकूण संग्रहाच्या मानाने अगदी छोटी होती, पण मागितलेले पुस्तक तिच्यात मिळण्याचे प्रमाण दर आठवड्याला वाढत होते. जुन्या दीड कपाटाच्या फाइलमध्ये हे कधीच घडले नसते.

उरलेल्या पुस्तकांचे काय, हा प्रश्न काकांनी विचारला, आणि बरोबर विचारला. त्याचे उत्तर त्यांच्याकडेच होते. काका काठी टेकत परत आले तेव्हा संगणक पाहून जरा दुखावलेले होते. इतकी वर्षे जे डोक्यात ठेवले त्याची आता गरज नाही, असे कोणालाही वाटेल. तिथे तो जाहीरनाम्यातला पहिला मुद्दा कामी आला, माणूस आधी आणि साधन नंतर. आम्ही त्यांना टंकलेखन शिकवायला गेलो नाही. एक खुर्ची कपाटासमोर ठेवली. काका बोलत, बारावीत शिकणारी एक मुलगी लिहून घेई. “वरच्या फळीवर डावीकडे ऐतिहासिक कादंबऱ्या, त्यांच्यामागे दुसरी ओळ आहे ती नाटकांची, आणि ही तीन पुस्तकं इथली नव्हेतच, ती चरित्रांतली.” मागची दुसरी ओळ! ती आहे हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. नाटकांच्या काही जुन्या प्रती अशाच निघाल्या. मुलीलाही लेखकांची नावे पाठ झाली, आणि काकांच्या डोक्यातले कपाट पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाच्या डोक्यात उतरले.

या सगळ्याला आज्ञावली कोणती वापरावी यावर वाद झाला. मी ‘कोहा’चे नाव सुचवले, त्यामागे एक गोष्ट आहे. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाच्या छोट्या भागातील सार्वजनिक ग्रंथालयांकडे जुनी संगणक प्रणाली होती आणि 2000 साल उजाडल्यावर ती चालणार नाही अशी भीती होती. बाजारातली तयार प्रणाली घेण्याऐवजी त्यांनी 1999 मध्ये एका स्थानिक संगणक कंपनीबरोबर बसून, आपल्या ग्रंथालयाला नेमके काय लागते ते पाहत, काही महिन्यांत नवी प्रणाली करून घेतली. जानेवारी 2000 मध्ये ती सुरू झाली आणि नंतर त्यांनी ती सगळ्या जगाला मोफत खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आज भारतातली असंख्य महाविद्यालयीन ग्रंथालये ती वापरतात. जाहीरनामा लिहिला जाण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. पण खरे सांगायचे तर आमच्यासाठी कोहा आज फार मोठी आहे; तिची देखभाल करायला जाणता माणूस लागतो. तूर्त आम्ही साध्या तक्त्यावरच आहोत. नोंदी नीट असल्या की पुढे त्या कोहात नेता येतात, म्हणून दाखल अंकाची शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून ठेवली.

दुसरी गोष्ट केली ती भिंतीवरची. कपाटाच्या दारावर आतून तीन रकाने आखले : करायचे, हातात, झाले. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. काम हलले की चिठ्ठी हलते. याला ‘कानबान’ म्हणतात. जपानीत त्याचा अर्थ पाटी किंवा फलक. टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी ही पद्धत बसवली, आणि तिची मूळ कल्पना त्यांनी अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून घेतली होती. फळीवरचा माल गिऱ्हाइकाने उचलला की तेवढाच पुन्हा भरायचा, उगाच साठा करायचा नाही. कानबानचे मर्म रकान्यांत नाही, ते मधल्या रकान्याच्या मर्यादेत आहे. ‘हातात’ या रकान्यात एका वेळी तीनच चिठ्ठ्या, असा आम्ही नियम केला. चौथे काम घ्यायचे तर आधीचे एक संपवा.

हा नियम पाळणे सर्वांत जड गेले. मंडळाच्या कामात माणसाचा स्वभाव असा की नवे काम सुरू करायला सगळे पुढे, संपवायला कोणी नाही. फाटक्या पुस्तकांचा ढीग हे त्याचे उदाहरण. बाइंडिंगला द्यायची म्हणून बाजूला काढलेली पुस्तके एका कोपऱ्यात वर्षानुवर्षे साचत होती, आणि त्यातली बरीचशी वाचकांची आवडतीच होती, कारण जास्त वाचलेले पुस्तकच आधी फाटते. आम्ही सगळा ढीग एकदम देण्याऐवजी दर पंधरवड्याला दहा पुस्तके द्यायचे ठरवले. तिथे ‘झाले’ म्हणजे काय, यावर आमचे खरे भांडण झाले. एक जण म्हणाले, बाइंडरकडे दिली, काम झाले. दुसरे म्हणाले, परत आली की झाले. शेवटी ठरले की पुस्तक परत आले, तपासले, पाठीवर नाव आणि दाखल अंक पुन्हा लिहिला, फळीवर गेले, आणि ज्या वाचकाने ते मागितले होते त्याला फोन झाला, तेव्हाच चिठ्ठी तिसऱ्या रकान्यात. पूर्वी पुष्कळ पुस्तके नवे पुठ्ठे लेवून, पाठीवर काहीही न लिहिता परत यायची आणि मग कोणालाही ओळखू यायची नाहीत. बाइंडिंगचे पैसे जायचे आणि पुस्तकही.

कामांचा क्रम कोणी ठरवायचा, हाही प्रश्न आला. ॲजाइलमध्ये वापरणाऱ्यांच्या वतीने बोलणारी एक व्यक्ती नेमतात, क्रम तिने लावायचा. किती काम झेपेल हे मात्र काम करणाऱ्यांनी सांगायचे. तिने तिथे जबरदस्ती करायची नाही. आम्ही कार्यकारिणीतला कोणी न घेता सर्वांत जास्त पुस्तके नेणाऱ्या एका ताईंना ही जागा दिली. त्यांनी पहिल्याच दिवशी आमची यादी उलटीपालटी केली. आमच्या यादीत सर्वांत वर होते रंगकाम आणि नव्या पाट्या. त्यांनी वर नेले ते दिव्याचे काम. “शेवटच्या दोन कपाटांपाशी ट्यूबलाइट नाही, तिथली नावं वाचताच येत नाहीत. मी मोबाइलचा दिवा लावून पुस्तक शोधते.” इतकी वर्षे आम्ही म्हणत होतो की त्या कपाटांतली पुस्तके कोणी वाचत नाही!

मुलांच्या कोपऱ्याची कथा मात्र पहिल्या झटक्यात फसली. ती सांगायला हवी, कारण मंडळाच्या पुढच्या पिढीचा प्रश्न तिच्यात आहे. रविवारी सकाळी मुलांसाठी वाचनतास ठेवला. पहिल्या रविवारी खाऊ होता, मुले आली. दुसऱ्या रविवारी दोन. तिसऱ्या रविवारी आम्हीच एकमेकांना गोष्टी वाचून दाखवल्या. जुन्या पद्धतीत याचा शेवट ठरलेला होता : “आजकालच्या मुलांना वाचायला नको” असा शेरा मारून विषय बंद. पंधरवड्याच्या शेवटी आम्ही एक अर्ध्या तासाची बैठक घेतो, चहासकट. काय जमले, काय जमले नाही, पुढच्या वेळी काय बदलायचे, इतकेच त्यात बोलायचे. कोणामुळे बिघडले हा प्रश्न विचारायचा नाही. बँकेत चूक झाली की मेमो निघायचा आणि मग सगळ्यांचे कसब चूक दाखवण्याऐवजी लपवण्यात जायचे, हे मी पाहिले आहे. तेव्हा हा नियम मला फार आवडला.

त्या बैठकीत ठरले की मुलांच्या आयांना विचारू. त्यातून कळले ते असे. घरी मराठी बोलणारी आपली मुले इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात शिकतात. देवनागरी अक्षरे त्यांना हिंदीमुळे येतात, पण मराठीचा मोठा परिच्छेद दिसला की दमतात. नुसत्या हिंदीवर आलेले मूल ‘ळ’पाशी अडखळते, गुजराती शिकलेल्याला ‘ळ’ ओळखीचा, कारण गुजरातीत तो आहेच. आणि रविवारी सकाळी मुले खेळायला किंवा क्लासला असतात. शनिवारी संध्याकाळी मात्र ती तबल्याच्या आणि नृत्याच्या वर्गासाठी आपल्याच इमारतीत येतात, आणि पालक बाहेर बाकावर बसून मोबाइल पाहतात. मग आम्ही वाचनतास बंद केला आणि मुलांची पातळ, मोठ्या अक्षरांची पुस्तके एका बुटक्या फळीवर वर्गाच्या दाराशीच नेऊन ठेवली. सभासदत्व नको, दंड नको, वहीत नाव लिहा आणि दोन पुस्तके न्या. आता शनिवारी काही पालक बाकावर मुलांना वाचून दाखवताना दिसतात. संख्या मोठी नाही. पण ही पुस्तके घरी जातात आणि चुरगळून परत येतात, म्हणजे उघडली जातात.

तिसरा धडा आम्ही न शोधता मिळाला. देवघेवीच्या नोंदी होऊ लागल्यावर कोण येत नाही तेही दिसू लागले. ज्यांची वर्गणी नियमित येते, पण ज्यांनी बऱ्याच काळात एकही पुस्तक नेलेले नाही, अशा सभासदांना फोन केले. पुष्कळ जणी ऐंशीच्या आसपासच्या आजी निघाल्या. वाचायचे आहे, पण जिना चढवत नाही, रिक्षातून एकटे येववत नाही. एकीने सांगितले, “वर्गणी भरते, तेवढंच मंडळाशी नातं.” त्यावर पुढच्या पंधरवड्यात चार पुस्तकांची कापडी पिशवी घरपोच द्यायला सुरुवात केली. आधी फक्त दांडिया बाजार आणि कारेलीबाग या दोन भागांत, तीही मोजक्या घरी. आवडीनिवडी फोनवर विचारून पिशवी भरायची, पंधरा दिवसांनी बदलायची.

पिशवी भरताना मला आपल्याच शहराचा इतिहास आठवला. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले आणि बडोदे संस्थानात ग्रंथालयांची चळवळ उभी राहिली. मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांचे प्रशिक्षण, गावोगावची वाचनालये हे सर्व तिच्यात आले. गावात वाचनालय नसेल तर पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत्या ग्रंथालयातून गावी जात आणि वाचून झाल्या की परत येत. वाचक ग्रंथालयापर्यंत येत नसेल तर ग्रंथालयाने वाचकापर्यंत जावे, हे बडोद्याने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले आहे. आणि महाराजांची काम करण्याची रीतही पाहण्यासारखी होती. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी एकदम सगळ्या संस्थानात लावले नाही. 1893 मध्ये ते आधी अमरेली तालुक्यात सुरू केले, आणि त्या अनुभवानंतर 1906 मध्ये सर्व संस्थानाला लागू केले. तेव्हा ‘परदेशातून आलेले खूळ’ असे ज्यांना वाटते त्यांनी जरा मांडवीच्या बाजूला चक्कर मारून यावी.

आता त्या जाहीरनाम्यातल्या विसरल्या जाणाऱ्या वाक्याकडे येतो. सर्वच कामे पंधरवड्यात बदलत राहण्यासारखी नसतात. वर्गणी आणि अनामत रकमेचा हिशेब हे प्रयोगाचे क्षेत्र नव्हे. तिथे रोजकीर्द, पावतीपुस्तक आणि वर्षअखेरीचे लेखापरीक्षण जसे आहे तसेच राहील. एका तरुण सभासदाने “पावतीऐवजी नुसता मेसेज चालेल” असे सुचवले, त्याला मी स्पष्ट नाही म्हटले. दाखल नोंदवहीही तशीच. पुस्तक काढून टाकायचे असेल तर निर्लेखनाचा ठराव आणि यादी हवीच. उत्साहाच्या भरात एखाद्या पंधरवड्यात ‘कोणी वाचत नाही’ म्हणून जी पुस्तके बाहेर जातील ती परत मिळणार नाहीत. जुन्या नाटकांच्या त्या मागच्या ओळीला वाचक क्वचितच येईल, तरी ती ठेवायची. कागद इतका ठिसूळ आहे की तिची देवघेव बंद करून ती फक्त बसून वाचण्यासाठी ठेवली आहे. वाळवीची औषधफवारणी वर्षाच्या ठरलेल्या वेळी झालीच पाहिजे. त्यात वाचकांचे मत घ्यायचे कारण नाही.

सतत बदल करण्याचाही त्रास होतो. आम्ही एकदा उत्साहात कादंबऱ्यांची दोन कपाटे हलवली, तर एक ज्येष्ठ सभासद इतके रागावले की आठवडाभर आले नाहीत. “मी डोळे मिटून जिथे हात घालत होतो तिथे आता पाककृती आहेत,” असे त्यांनी सुनावले. चूक आमची होती, विचारले नव्हते. आता कपाट हलवायचे तर आधी पंधरवडाभर त्यावर चिठ्ठी लागते आणि हरकत आली तर थांबतो. स्वयंसेवकांच्या दमाचेही तसेच. ॲजाइलच्या तत्त्वांत हेही आहे की कामाचा वेग कायम झेपेल इतकाच ठेवावा. दिवाळीच्या पंधरवड्यात आम्ही एकच चिठ्ठी घेतली, दिवाळी अंकांची देवघेव, आणि बाकी काही केले नाही.

तीन महिने संपले तेव्हा मी कार्यकारिणीपुढे अहवाल न ठेवता सर्वांना कपाटाच्या दारापाशी नेले. झालेल्या चिठ्ठ्यांची थप्पी तिथेच होती, फसलेल्या कामांचीही. ज्यांनी खोली मोकळी करण्याची सूचना केली होती त्यांनी विचारले, “बाकीच्या नोंदी व्हायला किती काळ लागेल?” मी म्हणालो, सगळ्या व्हायला काही वर्षे, पण तुम्हाला आज हवे असलेले पुस्तक आज मिळेल. त्यांनी एका प्रवासवर्णनाचे नाव घेतले. यादीत नव्हते. काकांनी खुर्चीतूनच फळी सांगितली, त्या मुलीने पुस्तक काढले, नोंद केली, चिठ्ठी चिकटवली आणि त्यांच्या हातात दिले. खोलीचा विषय सहा महिन्यांनी पुन्हा घ्यायचे ठरले आहे, म्हणजे तो संपलेला नाही.

या पंधरवड्यात ‘हातात’च्या रकान्यात दोन चिठ्ठ्या आहेत : चरित्रांच्या कपाटातली फाटकी पुस्तके, आणि शेवटच्या कपाटापाशी दुसरा दिवा. तिसरी जागा रिकामी आहे. ‘करायचे’च्या रकान्यात सर्वांत वर मांजलपूर आणि वाघोडिया रोडकडच्या पिशव्या आहेत, तिकडून सात घरांनी विचारणा केली आहे. स्कूटर असलेल्या आणि महिन्यातून दोन संध्याकाळी मोकळ्या असलेल्या एका सभासदाची गरज आहे. मंगळवारी किंवा शनिवारी संध्याकाळी ग्रंथालयात या, चिठ्ठीवर नाव लिहून देतो.